वरसाव्यापलीकडची हवा

आमच्या वरच्या मजल्यावरचे गमरेकाका ठाण्याला जाताना पिशवीत एक ओला नॅपकिन नेतात. बस काशीमिऱ्यापर्यंत येते, हायवेला लागते, तोवर काका चारचौघांसारखे खिडकीशी बसलेले असतात. वरसाव्याला बस घोडबंदर रोडकडे वळली, की ते पिशवी उघडतात, नॅपकिन झटकतात आणि डोक्यावर पसरतात. शेजारच्याने वळून पाहिलंच तर त्याला समजावून सांगतात, "सुरू झालं ठाणं."

एकदा मीही त्यांच्याबरोबर होते. जानेवारीतली सकाळ. कंडक्टर स्वतः स्वेटर घालून तिकिटं देत होता. तो काकांपाशी थांबला. "चाचा, सर दुख रहा है क्या?"

"नहीं. ठाना आ गया."

"ठाना? अभी तो आधा घंटा है."

"हवा आ गयी," काका म्हणाले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ओळख दाखवायची की नाही हा प्रश्न मला त्या प्रवासात तीन वेळा पडला. परतीच्या वाटेवर वरसावं आलं तसा नॅपकिन उतरला, काकांनी खिडकीची काच पूर्ण सरकवली आणि पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा मोठा श्वास घेतला. त्या श्वासात समोरच्या डंपरचा सगळा धूर होता. काकांना तो लागला नाही.

यशवंत गमरे मूळचे चिपळूणकडचे, पण जन्म आणि नोकरी मुंबईतली. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं फायली सांभाळल्या. खोली तळघरात, खिडकी नाही, वर एक पिवळा दिवा. पुढे भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात घर घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी गॅलरीत खाडीचं वारं लागल्यावर ते गमरेकाकूंना म्हणाले, "ही हवा आपली." काकूंनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. काकांनी मात्र ते शब्दशः घेतलं होतं. तेव्हापासून भाईंदरच्या हवेला कोणी नाव ठेवलं, की सातबाऱ्यावरून नाव उडवल्यासारखे ते उठतात.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. यातली दुसरी गोष्ट मी त्यांना सांगायला नको होती. ओळख झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन दारात. "बाई, तुम्ही भूगोलाच्या. मला एक लिहून द्या. भाईंदर ठाण्यापेक्षा गार का?"

मी म्हटलं, "काका, फारसा फरक नसतो. समुद्राजवळ असल्यामुळे थोडा..."

"समुद्राजवळ असल्यामुळे," त्यांनी लिहून घेतलं. 'थोडा' लिहिला नाही.

आजूबाजूच्या प्रत्येक गावावर त्यांचा निकाल तयार असतो. बोरिवली कोंदट. वसईला वारं आहे, पण ते आपल्याकडूनच जातं. आणि मिरा रोड? मिरा रोडचं नाव काढलं की ते आधी डोळे मिटतात. "महापालिका एक आहे, मान्य. ते कागदावर. हवा वेगळी." मिरा रोडला राहणारा आमचा इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "अंकल, इधर बहुत गरमी है." काकांनी त्याला गॅलरीत नेऊन पाच मिनिटं उभं केलं आणि 'अच्छा लगता है' असं म्हणेपर्यंत सोडलं नाही. कपडे त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच उशिरा मिळाले.

"ऊन आहे, पण अंगाला लागत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. मे महिन्यात भर बाराला केबिन रोडवरून पिशव्या घेऊन येताना मी अर्धमेली झालेली असते, हे समोरून येतात, चेहरा लालबुंद, आणि म्हणतात, "बघा बाई. अंगाला लागतंय का?" त्यावर हो म्हणण्याएवढी ताकदही माझ्यात उरलेली नसते, म्हणून मी मान हलवते. ती मान ते आपल्या बाजूने मोजतात.

मोबाइलवर मात्र त्यांचा राग आहे. त्यात भाईंदर आणि ठाणे, दोन्हीकडे एकच आकडा येतो. "हा कुठे बसून बोलतो? जेसल पार्कला आलाय कधी?" म्हणून त्यांनी भिंतीवर टांगायचा एक मोठा थर्मामीटर आणला. पण हवेची ही लढाई ज्याच्याशी लढायची तो माणूस तोवर मिळालेला नव्हता. तो मिळाला मुलीचं लग्न ठरताना.

काकांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, आणि स्थळ निघालं नेमकं ठाण्याचं. व्याही वाघमारे मूळचे परभणीचे, नोकरीनिमित्त ठाण्यात आले ते तिथलेच झाले. त्यांच्या पत्नी निवृत्त नर्स. पाहुणे पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा चहा-पोहे द्यायला मीच होते, कारण घरात दुसरी बाई नव्हती. सगळे बसले. आता मुलीच्या बापाने नोकरी विचारावी, घर विचारावं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मे महिन्यात तुमच्याकडे किती जातं?"

वाघमाऱ्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "ओ गमरेसाहेब, ऊन बघायचं तर परभणीला या. तुमचं न आमचं दोघांचंबी ऊन तिथं लोक सावली म्हणून वापरतेत." काकांचा चेहरा खुलला. आणि मग वाघमाऱ्यांनी न विचारता पुढचं वाक्य टाकलं, "पण ठाणं गार हाय बरं का. मागं डोंगर हाय आमच्या. झाडी हाय. तुमच्या इथं काय, खाडीचा चिखल."

प्रज्ञाने माझ्याकडे असं पाहिलं, की आता लग्न मोडतंय. मोडलं नाही. उलट दोघांना एकमेकांशिवाय करमेना. लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत एक दिवस असा गेला नाही की एकाने दुसऱ्याला आपली हवा कळवली नाही. हिवाळ्यात काका कानटोपी घालून गॅलरीत फोटो काढून घ्यायचे, माझ्याकडून, आणि खाली लिहायचे, 'कुडकुडतोय.' तिकडून वाघमाऱ्यांचा शाल पांघरून शेकोटीपुढचा फोटो यायचा. ती शेकोटी वर्तमानपत्रं पेटवून सोसायटीच्या आवारात केलेली होती आणि त्यावरून त्यांना सेक्रेटरीची नोटीस आली होती, हे नंतर समजलं. पावसाळ्यात तर कहर. 'आमच्याकडे गुडघाभर पाणी,' काका कळवणार. 'आमच्याकडं मांडीला लागलं,' वाघमारे. नुकसान दोघांचंही व्हायचं, पण आपल्याकडे पाणी कमी तुंबलं याचीच दोघांना जास्त लाज वाटायची.

असं सगळं मजेत चाललं असताना प्रज्ञाला दिवस गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली.

आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण माहेरी आईच नाही. ठाण्यात सासू नर्स, घर खालच्या मजल्यावर, दवाखाना पाच मिनिटांवर. कोणीही शहाणा माणूस म्हणेल की मुलीने ठाण्यातच राहावं. शहाण्या माणसांनी तसं म्हटलंही. काका म्हणाले, "ठाण्यात? मेमध्ये? अवघडलेली पोर?"

आणि ते तयारीला लागले. मालीश करणारी बाई ठरवली. माळ्यावरून प्रज्ञाचा लाकडी पाळणा काढून, घासून पॉलिश केला. मोबाइलवर बघून डिंकाचे लाडू करायला शिकले. पहिला घाणा त्यांनी वॉचमनला दिला. वॉचमनने एक लाडू हातात घेऊन फिरवून पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "साब, ये खाने का है?"

एकीकडून काकांचा रोज फोन, 'इकडे ये, वारं सुटलंय.' दुसरीकडून सासरे, 'कुठं जातीस उन्हात, इथं डोंगर हाय.' बिचारी प्रज्ञा कंटाळली. एके दिवशी दोघांना एकत्र फोनवर घेऊन म्हणाली, "जिथे गार असेल तिथे राहते मी. झालं समाधान?"

पोरीने वैतागून टाकलेलं वाक्य ते. या दोघांनी त्याचा ठराव केला.

सात दिवस. रोज दुपारी बरोबर दोन वाजता. थर्मामीटर खिडकीत, सावलीत. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. जास्त दिवस ज्याचा आकडा कमी, बाळंतपण त्याच्याकडे. दोन्हीकडे एकेक पंच. ठाण्याच्या पंच वाघमारेबाई. भाईंदरची पंच मी, कारण मी भूगोलाची, मला सुट्टी, आणि मला नाही म्हणता येत नाही. ग्रुपचं नाव ठेवलं 'निकाल'. वाघमारेबाईंनी मला वेगळा मेसेज केला, "ताई, आपण दोघी शहाण्या राहू." मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पहिल्या दिवशी ठाणं जिंकलं. दुसऱ्या दिवशी मी दोनला वर गेले तर काकांच्या थर्मामीटरवर सत्तावीस. मे महिन्यात सत्तावीस. मी खिडकीत हात घालून पाहिलं, पाठीमागे पाण्याचा माठ होता आणि थर्मामीटर त्याला टेकवलेला. "काका, हे काय?"

"माठ रोज तिथेच असतो."

"काल नव्हता."

"काल धुवायला काढला होता," काका म्हणाले. मी माठ बाजूला केला, पाऊण तास बसून राहिले आणि खरा आकडा टाकला. तिसऱ्या दिवशी ठाण्याहून पंचवीसचा फोटो आला. त्यात कोपऱ्यात एसीचं तोंड दिसत होतं. काका नाचायचे बाकी होते. तेवढ्यात वाघमारेबाईंनीच खाली लिहिलं, "एसी चालू होता. आकडा रद्द. मी घरात बोलून घेते." त्या दिवशी नंतर वाघमाऱ्यांकडून काहीच मेसेज आला नाही, यावरून बोलून घेतलं असावं.

सहा दिवस संपले तेव्हा तीन-तीन. सातवा दिवस बुद्धपौर्णिमेचा.

सकाळी काका मला केबिन रोडला वाण्याच्या दुकानात दिसले. खिरीचे तांदूळ घेत असतील असं वाटलं. ते म्हणत होते, "दो किलो आठसौ."

"काका, तीन लई लो ने," वाणी म्हणाला. "काय फरक पडतो?"

"नाही. दोन आठशेच. काट्यावर नीट बघ." वाण्याने चार दाणे काढले, परत दोन टाकले. मला वाटलं, शेवटच्या दिवसाचं टेन्शन असेल, माणूस कशावर तरी काढतो.

दुपारी बाराला आमच्या लाइनची लाईट गेली. दोन वाजून दहा मिनिटांनी मी जिना चढून वर गेले. चौथा मजला म्हणजे वर थेट गच्ची, स्लॅब तापून घरात तव्यावर उभं राहिल्यासारखं होत होतं. दार लोटलेलं होतं. हॉलच्या खिडकीत थर्मामीटर दिसला नाही. मी हाक मारली. आतून दबक्या आवाजात उत्तर आलं, "बाई, हळू या."

आतल्या खोलीत पाळणा मांडला होता. पाळण्यात गमरेकाकूंच्या जुन्या साडीची गोधडी, आणि तिच्यात एक गाठोडं, बाळ बांधतात तसं सुती कापडात घट्ट गुंडाळलेलं. वरून टोपडंसुद्धा. शेजारी स्टुलावर काका बसले होते आणि वर्तमानपत्राची घडी करून त्या गाठोड्याला वारा घालत होते. सदरा पाठीला चिकटला होता.

मी दारातच उभी राहिले. हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं.

"तांदूळ आहेत," काका म्हणाले. "प्रज्ञा जन्मली तेव्हा दोन किलो आठशे होती. म्हटलं, एकदा पूर्ण दुपार ठेवून बघावं. बाळाला नेमकं किती लागतं, ते खिडकीत कसं कळणार?" त्यांनी गाठोड्याची एक घडी अलगद सोडली आणि आतून थर्मामीटर काढला. झोपलेल्या बाळाला धरावं तसा आधी तांदळाला हात लावून. "साडेछत्तीस."

"आणि खिडकीत?"

"तेहतीस. दोनला बघितलं, मग इथे आणला." त्यांनी खिडकीतल्या तेहतीसचा फोटोही दाखवला. सावलीत, माठ नाही, काही नाही. एकदम स्वच्छ फोटो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर ठाण्याचा फोटो आला होता. चौतीस. खाली वाघमारेबाईंची खूण, 'बरोबर.'

"काका," मी म्हटलं, "तुम्ही जिंकलात. नियमाने जिंकलात. टाका फोटो."

काका फोनकडे बघत बसले. वर्तमानपत्राचा वारा थांबला नव्हता. मला खरंच वाटलं होतं, आता हे उठतील, गॅलरीत जातील, खाली वॉचमनला ओरडून सांगतील. तीन वर्षं या एका आकड्यासाठी या माणसाने माझं डोकं खाल्लं होतं.

"नियम खिडकीचा होता बाई," ते म्हणाले. "बाळ काय खिडकीत ठेवणार?"

मग त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ग्रुपवर लिहिलं, 'भाईंदर साडेछत्तीस. ठाणे गार आहे. प्रज्ञाला तिथेच ठेवा.' आणि तेहतीसचा फोटो माझ्यासमोर पुसून टाकला.

मिनिटभरात त्यांचा फोन वाजला. काकांनी उचलला नाही. मग माझा वाजला. वाघमारे होते. "ताई, गमरेसाहेबांना काय झालं? तब्येत बरी हाय ना? छातीत-बितीत दुखायलंय का?"

"बरे आहेत हो."

"मग ठाणं गार म्हणायलेत की! माणूस असं शुद्धीत बोलत नसतो. आम्ही निघालोच."

संध्याकाळी पाचच्या सुमारास दोघं नवरा-बायको डब्यात खीर घेऊन हजर. लाईट दोनच्या पुढे कधीतरी आली होती, पंखे फिरत होते. काकांनी झब्बा घातला होता, चेहरा धुतला होता आणि पाणी देताना ते अगदी नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न करत होते. वाघमाऱ्यांनी त्यांना निरखून पाहिलं, नाडी बघितली, नाडीतलं त्यांना काही कळत नाही तरी.

वाघमारेबाई हात धुवायला आत गेल्या त्या परत आल्या नाहीत. मग आम्ही तिघंही आत गेलो. पाळणा तसाच होता. काका घाईने पुढे झाले. "ते... तांदूळ आहेत. खिरीचे. काढायचे राहिले."

वाघमारेबाईंनी वाकून ते गाठोडं उचललं. नर्सची सवय, एक हात मानेखाली, एक पाठीखाली. टोपडं सरळ केलं. आणि विचारलं, "किती वेळ बसला होता?"

"बारापासून. लाईट गेली ना."

"तांदळापाशी?"

काका खाली बघून म्हणाले, "मी बाहेरच बसणार होतो. पण एवढ्या उकाड्यात त्याला एकट्याला कसं सोडणार?"

वाघमारे मग चष्मा काढून पुसत बसले.  

"कपडे भरा," वाघमारेबाई म्हणाल्या. "दोन महिने आमच्याकडे राहायचं."

"मी? मी काय करणार तिथे? बाळंतपणात पुरुषाचं काय काम?"

"दुपारी मला तासभर पडायला लागतं, तेव्हा पाळण्यापाशी बसायचं. हे बसणार नाहीत, हे घोरतात. तुम्हाला जमतं ते बघितलं मी." आणि जरा थांबून, "प्रज्ञानेच सांगितलंय येताना. बाबांना घेऊनच या म्हणाली, नाहीतर मीच निघते रिक्षा करून."

काका पलीकडच्या खोलीत कपाटाकडे गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग काढायला मदत लागेल म्हणून मी डोकावले. काका पलंगाच्या कडेवर बसले होते, मांडीवर दोन सदरे, आणि झब्ब्याच्या बाहीने तोंड पुसत होते. मला बघून म्हणाले, "घाम हो बाई. काय उकडतंय आज भाईंदरला."

डोक्यावर पंखा पाचवर होता. मी म्हटलं, "हो ना काका, फारच." आणि दार लोटून घेतलं.